बढतीची लायकी आणि बढतीची मागणी

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर हे गाव दोन गोष्टींसाठी ओळखले जाते : दगडी कोळसा आणि चुना. ‘राजूर कॉलरी’ हे नाव सबंध पंचक्रोशीच्या तोंडी बसले आहे. कापूस आणि तूर यांच्या बेभरवशाच्या शेतीने वेढलेल्या अशा मुलखात खाणीतील कायम नोकरी म्हणजे संसाराची चिंता मिटली, असे समजले जाते. ही समजूत अगदीच चुकीची नाही. परंतु नोकरी लागणे ही जशी एक घटना आहे, तसा त्या नोकरीत तीस-पस्तीस वर्षे एकाच पायरीवर उभे राहावयाचे की वर चढावयाचे, हा एक दीर्घ प्रश्न आहे; आणि त्याचा विचार आपल्याकडे क्वचितच शांतपणे केला जातो. ज्याला बढती मिळाली त्याचा वशिला होता, आणि ज्याला मिळाली नाही त्याच्यावर अन्याय झाला, अशा दोन वाक्यांत कचेरीतील आणि शिक्षकांच्या खोलीतील बहुतेक चर्चा आटोपते.

वस्तुतः बढतीच्या प्रश्नाला तीन अंगे आहेत. बढतीची लायकी मिळविणे हे पहिले, ती योग्य वेळी व योग्य रीतीने मागणे हे दुसरे, आणि मागणाऱ्याचा विचार उघड नियमांनुसार करणे हे तिसरे. पहिली दोन अंगे नोकरदाराची जबाबदारी आहेत, तिसरे नोकरी देणाऱ्याची. तिन्ही एकमेकांशी कशी गुंतलेली आहेत हे पाहावयाचे तर राजूरसारख्या खाणीच्या गावाइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणार नाही. कारण खाणीत अपात्र माणसाला मिळालेली बढती केवळ एखाद्या फायलीचे नुकसान करीत नाही, ती माणसांच्या जिवावर बेतू शकते.

श्रेणी आणि शिडी

१९७३ पूर्वी खाणींचा कारभार बहुतांशी खाजगी मालक व त्यांचे ठेकेदार यांच्या हाती होता. कोणाला वर चढवावे, कोणाला खाली ठेवावे, हे मालकाच्या आणि त्याच्या मुकादमाच्या मर्जीवर अवलंबून असे. ३१ जानेवारी १९७३ रोजी सरकारने कोकिंगेतर कोळशाच्या खाणींची व्यवस्था ताब्यात घेतली आणि १ मे १९७३ पासून त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७५ मध्ये कोल इंडिया ही कंपनी स्थापन झाली, व नागपूरला मुख्य कचेरी असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स ही तिची उपकंपनी विदर्भातील खाणी पाहू लागली. त्याच सुमारास राष्ट्रीय कोळसा वेतन करारांची परंपरा सुरू झाली. व्यवस्थापन आणि कामगार संघटना यांच्या संयुक्त समितीने ठरविलेल्या या करारांनी दिनवेतनी कामगारांच्या श्रेणी, कारकुनांच्या श्रेणी, तांत्रिक व पर्यवेक्षक वर्गाच्या श्रेणी अशी मांडणी केली आणि प्रत्येक वर्गात वर जाण्याचे नियम घालून दिले. एका श्रेणीत अमुक वर्षे सेवा, अमुक शिक्षण किंवा दाखला, मंजूर जागा रिकामी असणे, आणि विभागीय पदोन्नती समितीची शिफारस, अशा त्या पायऱ्या आहेत.

मुकादमाच्या मर्जीच्या जागी कागदावरील नियम आले, हा लहान बदल नव्हे. परंतु नियम आला म्हणजे न्याय आपोआप येतो, अशी जी समजूत करून घेतली गेली ती भाबडी होती. नियम वाचावा लागतो, त्यातील अटी पुऱ्या कराव्या लागतात, आणि तो पाळला जात नसेल तर तसे सांगावे लागते. या तीन गोष्टी ज्यांनी केल्या त्यांना नियमाचा उपयोग झाला. उरलेल्यांना नियम आहे एवढेच समाधान.

दाखल्याचे मोल

भूमिगत खाणीत ‘मायनिंग सरदार’ हे पद फार महत्त्वाचे असते. पाळीवर माणसे कामाला लागण्यापूर्वी आपल्या हद्दीतील छत सुरक्षित आहे की नाही, हवा खेळती आहे की नाही, वायू साचला आहे की काय, हे त्याने पाहावयाचे असते. धोका दिसल्यास माणसांना बाहेर काढावयाचे असते. त्याच्या वर ओव्हरमन, त्याच्या वर सहायक व्यवस्थापक आणि व्यवस्थापक अशी शिडी आहे. यातील प्रत्येक पायरीसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या परीक्षेतून मिळणारा सक्षमतेचा दाखला लागतो. सरदाराच्या दाखल्यासाठी खाणीतील प्रत्यक्ष अनुभव हवा, शिवाय वायुपरीक्षणाचा आणि प्रथमोपचाराचा दाखला हवा. केवळ वीस वर्षे टोपीवर दिवा लावून खाणीत उतरल्याने कोणी सरदार होत नाही.

या अटीमागे अनुभवाचे कठोर शहाणपण आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळील चासनाला खाणीत पाणी घुसून सुमारे पावणेचारशे कामगार मृत्युमुखी पडले. अशा दुर्घटनांची कारणे अनेक असतात आणि त्यांचा दोष एका पदावर टाकता येत नाही. परंतु जमिनीखाली जबाबदारीच्या जागी बसणाऱ्याला धोका ओळखता आलाच पाहिजे, एवढा धडा तरी त्यांतून निघतो. म्हणूनच या मार्गावर ज्येष्ठतेला मर्यादा आहे आणि वशिल्यालाही. साहेबाची कितीही मर्जी असली तरी दाखल्याशिवाय सरदाराचे पद कायद्याने देता येत नाही.

बढतीची लायकी मिळविणे म्हणजे काय, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला कोणता? वडिलांच्या मृत्यूनंतर अनुकंपा तत्त्वावर लागलेला तरुण पुष्कळदा पदवीधर असूनही सर्वसाधारण मजदूर म्हणून पहिल्या श्रेणीत दाखल होतो. त्याच्यासमोर दोन वाटा असतात. ‘आपण शिकलेले, आणि काम हे असले’ म्हणून कुढत बसावयाचे आणि कोणी तरी पुढारी आपल्याला कचेरीत बसवील याची वाट पाहावयाची, ही एक. पाळी संपल्यावर पुस्तक उघडून वायुपरीक्षणाच्या, सरदाराच्या किंवा विभागीय कारकुनी निवडीच्या परीक्षेची तयारी करावयाची, ही दुसरी. दुसऱ्या वाटेवर यशाची हमी नाही, जागा निघाल्या पाहिजेत हेही खरे. परंतु जागा निघतील त्या दिवशी जो दाखला हातात घेऊन उभा असेल त्याचीच गणती होणार. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

स्त्रियांच्या बाबतीत ही शिडी दीर्घकाळ मुळातच तुटलेली होती, याचीही नोंद केली पाहिजे. १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांना भूमिगत कामास मनाई केली होती. त्यामागे संरक्षणाचा हेतू असला तरी परिणाम असा झाला की, भूमिगत अनुभवावर आधारलेल्या सर्व दाखल्यांपासून आणि त्यांवरील पदांपासून स्त्री दूर राहिली. २०१९ मध्ये केंद्र सरकारने तांत्रिक, पर्यवेक्षी व व्यवस्थापकीय कामासाठी, तिच्या लेखी संमतीने आणि ठरावीक वेळेत, ही बंदी शिथिल केली. ज्याला अनुभव मिळविण्याचीच मुभा नाही त्याला अनुभव नाही म्हणून नाकारणे हा अन्यायाचा सर्वांत सभ्य प्रकार होय. आणि तो केवळ खाणीतच आढळतो असे नाही.

ज्येष्ठता की गुण?

बढती ज्येष्ठतेने द्यावी की गुणाने, हा वाद जुना आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत ज्येष्ठतेला मान होता. १८५४ मध्ये इंग्लंडात नॉर्थकोट आणि ट्रेव्हेल्यन यांनी सादर केलेल्या प्रसिद्ध अहवालात भरती स्पर्धा परीक्षेने आणि बढती गुणवत्तेने व्हावी, असा आग्रह धरला गेला. यातील ट्रेव्हेल्यन यांनी स्वतः कंपनीच्या सेवेत हिंदुस्थानात काम केले होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुढे १९६९ मध्ये लॉरेन्स पीटर यांनी रेमंड हल यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकात एक खोचक सिद्धांत मांडला : माणसाला तो जे काम उत्तम करतो त्याबद्दल बढती मिळत जाते, आणि शेवटी जे काम त्याला जमत नाही अशा पदावर येऊन तो स्थिरावतो. उत्तम शिक्षक वाईट मुख्याध्यापक ठरल्याची उदाहरणे वाचकांना आपापल्या गावी सापडतील. म्हणजे गुणाने बढती द्यावयाची तर कोणता गुण, खालच्या कामातला की वरच्या कामाला लागणारा, हेही ठरवावे लागते.

भारतातील न्यायालयांनी या वादात मध्यम मार्ग काढला आहे. निवडीच्या पदांसाठी केवळ ज्येष्ठता हा हक्क होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच सांगितले. उलट जेथे नियम ‘ज्येष्ठता-नि-गुणवत्ता’ असा आहे तेथे कामाला आवश्यक तेवढी किमान पात्रता तपासावी, आणि ती असणाऱ्यांमध्ये ज्येष्ठाला प्राधान्य द्यावे, मग कनिष्ठ अधिक हुशार असला तरी चालेल, असा अर्थ १९९८ च्या निर्णयात लावला गेला. आपल्या पदाला यातील कोणता नियम लागू आहे, हे ज्याला ठाऊक नाही त्याने अन्याय झाल्याची तक्रार करणे म्हणजे पत्ता न लिहिता पत्र टाकण्यासारखे आहे.

याहून महत्त्वाचे तत्त्व असे की, बढती हा कोणाचाही मूलभूत हक्क नाही. परंतु पात्र असणाऱ्याचा बढतीसाठी विचार होणे हा मात्र घटनेच्या १४ व १६ या अनुच्छेदांतून निघणारा मूलभूत हक्क आहे. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्ध शब्दांत स्पष्ट केले. दोन वाक्यांतील हा फरक प्रत्येक नोकरदाराने समजून घेण्याजोगा आहे. ‘मला बढती द्या’ या मागणीला नकार मिळू शकतो; ‘माझा विचार करा, आणि नियमाप्रमाणे करा’ या मागणीला नकार देता येत नाही.

कारकून आणि शिक्षक

खाणीच्या दाखल्याची जागा सरकारी कचेरीत विभागीय परीक्षा आणि कार्यमूल्यमापन अहवाल, म्हणजे जुन्या भाषेत गोपनीय अहवाल, यांनी घेतली आहे. महसूल खात्यातील कारकुनाला अव्वल कारकून व्हावयाचे तर महसूल अर्हता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ती लांबणीवर टाकण्याची सवय अनेकांना महाग पडते, कारण मागाहून लागलेला सहकारी परीक्षा आधी देऊन पुढे निघून जातो, आणि मग सुरू होतो तो वशिल्याचा संशय.

अहवालाची गोष्ट अधिक नाजूक. वर्षानुवर्षे हा अहवाल बंद पाकिटात राहत असे आणि फक्त प्रतिकूल शेरा तेवढा कळविला जाई. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतील एका अभियंत्याचे प्रकरण २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले. त्याला एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. बढतीसाठी मात्र ‘अत्यंत चांगला’ हा शेरा आवश्यक होता. ‘चांगला’ हा शब्द प्रतिकूल नाही म्हणून तो त्याला कळविलाच गेला नव्हता, आणि त्याच शब्दाने त्याची बढती अडविली. प्रत्येक शेरा, मग तो बरा असो वा वाईट, संबंधिताला कळविला पाहिजे आणि त्यावर म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे, असा निर्णय न्यायालयाने दिला. २०१३ मध्ये तो पुन्हा पक्का केला. आज आपला अहवाल पाहण्याचा आणि त्यावर लेखी निवेदन देण्याचा हक्क कर्मचाऱ्याला आहे. तो वापरणारे किती, हा खरा प्रश्न. वरिष्ठ नाराज होतील या भीतीने सही करून कागद परत करणारा कर्मचारी आपल्या पाच वर्षांनंतरच्या बढतीवर आजच पाणी सोडीत असतो.

शिक्षकांची अडचण निराळी आहे. शाळेत वरच्या जागाच थोड्या : पर्यवेक्षक, उपमुख्याध्यापक, मुख्याध्यापक. म्हणून १२ वर्षांनंतर वरिष्ठ श्रेणी आणि २४ वर्षांनंतर निवड श्रेणी अशी सोय करण्यात आली, आणि त्यासाठी विहित प्रशिक्षण आवश्यक ठरविले गेले. राज्य कर्मचाऱ्यांनाही आश्वासित प्रगती योजनेखाली १०, २० आणि ३० वर्षांनंतर वरच्या वेतनाचा लाभ मिळतो. ही सोय योग्यच आहे. जागा नाही म्हणून माणसाने जन्मभर कुजावे असे कोणी म्हणणार नाही. पण तिचा एक दुष्परिणामही झाला. वेतन वाढले म्हणजे बढती झाली, अशी समजूत रूढ झाली, आणि वरच्या जबाबदारीची उमेद मात्र ओसरली. बदलीच्या भीतीने मुख्याध्यापकपद नाकारणारे शिक्षक आज दुर्मिळ नाहीत.

खाजगी शाळांत ज्येष्ठता डावलून आप्तेष्टाला मुख्याध्यापक केल्याच्या तक्रारी नेहमीच्या. यावर १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी अधिनियमाने उपाय दिला आहे : बढतीत डावलल्या गेलेल्या शिक्षकाला शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. त्यासाठी मुदत आहे अवघ्या ३० दिवसांची. संस्थाचालकांशी बोलणी, गावातील प्रतिष्ठितांची मध्यस्थी, पुढच्या वर्षी बघू असे आश्वासन, यांत ३० दिवस केव्हा निघून जातात ते कळतही नाही.

मागणी कशी करावी?

‘मूल रडल्याशिवाय आईही पाजत नाही’ ही म्हण आपण सारे वापरतो; आणि तरीही बढती मागणे म्हणजे लाचारी, असा एक संकोच मराठी मध्यमवर्गात मुरलेला आहे. काम चोख करावे, वरिष्ठांच्या आपोआप लक्षात येईल, ही वृत्ती सोज्वळ खरी. परंतु शेकडो कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत वरिष्ठांच्या लक्षात येते ते कागदावर असलेले. म्हणून मागणीची पहिली पायरी कागदापासून सुरू होते.

सेवापुस्तक वर्षातून एकदा तरी स्वतः पाहावे. जन्मतारीख, रुजू झाल्याचा दिनांक, शिक्षण, उत्तीर्ण परीक्षा, प्रशिक्षण यांच्या नोंदी बरोबर आहेत की नाहीत ते तपासावे. कोळसा खाणींत १९८७ च्या सुमारास कामगारांना त्यांच्या सेवानोंदींचे उतारे देण्यात आले होते आणि चूक असल्यास कळविण्यास सांगितले होते. भारत कोकिंग कोल कंपनीतील एका कामगाराने त्याच वेळी आपल्या जन्मतारखेच्या नोंदीला हरकत घेतली. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले तेव्हा, २०१४ मध्ये, त्याने वेळीच आवाज उठविला होता ही गोष्ट त्याच्या बाजूने निर्णायक ठरली. निवृत्तीच्या उंबरठ्यावर जाग येणाऱ्यांना न्यायालये सहसा उभे करीत नाहीत. जे जन्मतारखेला लागू तेच ज्येष्ठतेला. ज्येष्ठता यादी प्रसिद्ध होते, तिच्यावर हरकतीची मुदत असते. फलकावर लागलेली यादी न वाचता पुढे जाणाऱ्याला मागाहून ती चुकीची म्हणण्याचा नैतिक अधिकार थोडाच उरतो.

दुसरी पायरी अर्जाची. तो योग्य मार्गाने, म्हणजे निकटच्या वरिष्ठांमार्फत द्यावा. त्याची पोच घ्यावी. त्यात आपण किती कष्ट केले, घरी किती अडचणी आहेत, किती जण आपल्यावर अवलंबून आहेत याचे वर्णन नको. करुणेने अनुदान मिळेल, बढती नव्हे. अर्जात चार गोष्टी पुरेत : कोणत्या नियमाखाली कोणत्या पदासाठी विचार व्हावा, त्या नियमातील प्रत्येक अट आपण कोणत्या दिनांकास पुरी केली, वरच्या पदाचे काम आपण प्रत्यक्ष कधी व कोणत्या लेखी आदेशाने केले, आणि आपल्या हातून झालेल्या कामाचे मोजता येईल असे फलित काय. हा शेवटचा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित राहतो. ‘मी प्रामाणिकपणे काम केले’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असते. ‘माझ्या टेबलावरील निवृत्तिवेतनाची सर्व प्रलंबित प्रकरणे मार्चअखेर निकाली निघाली’ हे वाक्य क्वचित दिसते. पहिले वाक्य वाचून कोणी थांबत नाही.

वरच्या पदाचे काम तोंडी हुकमाने वर्षानुवर्षे करीत राहणे, ही आपल्याकडील आणखी एक जुनी खोड. ‘तू सांभाळ, पुढे बघू’ एवढ्यावर माणूस विश्वास ठेवतो. काम नाकारू नये हे खरे, कारण त्यातूनच लायकी सिद्ध होते. परंतु ते लेखी आदेशाने करावे, आणि आदेश मिळत नसेल तर आपण हे काम अमुक दिनांकापासून करीत आहोत, असे नम्र पत्र तरी दप्तरी लावावे. पुढे वेतनातील फरकाचा किंवा अनुभवाचा प्रश्न निघाला की त्या एका पत्राचे मोल कळते.

तिसरी पायरी नकारानंतरची. डावलले गेल्यास प्रथम कारण विचारावे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने सार्वजनिक आस्थापनांत हे सोपे केले आहे. चौकशीचे नुसते गाऱ्हाणे असेल तर बढती अडविता येत नाही. आरोपपत्र दिल्यानंतरच निर्णय बंद लखोट्यात ठेवता येतो, असे १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले आहे. कारण समाधानकारक नसेल तर दाद मागावी, आणि वेळेत मागावी. कनिष्ठाला आपल्या आधी बढती मिळाल्याची तक्रार सहा महिन्यांत, फार तर वर्षभरात आणावी, अशी अपेक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्येच व्यक्त केली होती. राज्य कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचे नागपूर खंडपीठ आहे. तेथेही साधारणतः वर्षाचीच मुदत आहे. आणि कारण समाधानकारक असेल तर? तर ते मान्य करून उणीव भरून काढावी. आपल्यात उणीव असू शकते, ही शक्यता बढतीच्या चर्चेत सहसा कोणी विचारात घेत नाही.

वशिल्याची वाट

या साऱ्यावर एक आक्षेप ठरलेला : हे सारे पुस्तकी आहे, प्रत्यक्षात चालतो तो वशिला. आक्षेप निराधार नाही. पुढाऱ्याची चिठ्ठी, संघटनेतील गट, जातीची ओळख, साहेबाच्या घरची कामे, या वाटांनी वर गेलेली माणसे प्रत्येक आस्थापनेत असतात. कायदेमंडळालाही हे ठाऊक होते. १९७१ च्या महाराष्ट्र कायद्याने अनुचित कामगार प्रथांची जी यादी केली तिच्यात संघटनेचे काम केल्याबद्दल बढती नाकारणे, सेवाज्येष्ठता बदलणे, आणि इतरांत फूट पाडण्यासाठी काहींना लायकी नसता बढती देणे, या तिन्ही गोष्टी नावानिशी आहेत. केंद्राच्या औद्योगिक विवाद कायद्यात १९८४ पासून तशीच यादी आली आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती राहिली.

कामगार संघटनांनी या ठिकाणी आत्मपरीक्षण करावयास हवे. वेतनकरारात त्यांनी मोठे काम केले यात शंका नाही. १ जुलै २०२१ पासून लागू झालेला अकरावा कोळसा वेतन करार मे २०२३ मध्ये झाला, त्यात किमान १९ टक्क्यांची वाढ सर्वांच्या पदरात पडली. परंतु सामुदायिक वेतनवाढ ही एक गोष्ट आणि व्यक्तीची बढती ही दुसरी. पहिली एकजुटीने मिळते. दुसरीत संघटनेचे काम नियम पाळला जातो की नाही हे पाहण्याचे आहे, आपल्या माणसाचे नाव पुढे सरकविण्याचे नव्हे. ज्या दिवशी संघटना स्वतःच वशिला होते त्या दिवशी तिच्या बाहेरच्या प्रामाणिक कामगाराला कोणी वाली उरत नाही.

शिवाय वशिल्याने मिळालेल्या बढतीची एक किंमत असते, आणि ती ती घेणाऱ्यालाच फेडावी लागते. ज्याच्या चिठ्ठीने खुर्ची मिळाली त्याच्या प्रत्येक चिठ्ठीपुढे मान तुकवावी लागते. हाताखालची माणसे आदेश पाळतात, आदर देत नाहीत. दाखला मिळवून सरदार झालेला माणूस मात्र छत कच्चे आहे म्हणून काम थांबवू शकतो. त्याचे पद कोणाच्या मर्जीचे नसते.

आखूड होत चाललेली शिडी

तथापि सारा भार व्यक्तीवर टाकून मोकळे होणे न्यायाचे होणार नाही. कोल इंडियाच्या नोकरवर्गाची संख्या १९९० च्या सुमारास सहा लाखांवर होती. अलीकडे ती अडीच लाखांच्याही खाली गेली आहे. वणी परिसरात उकणी, नीलजई, मुंगोली अशा उघड्या खाणी आल्या. उघड्या खाणीत यंत्रे मोठी, माणसे थोडी. मातीचे थर काढण्याचे काम पुष्कळसे कंत्राटदारांकडे. कायम नोकरांची शिडी आखूड झाली, आणि कंत्राटी कामगाराला तर शिडीच नाही. तो दहा वर्षे डंपर चालवो की वीस, कंत्राटदार बदलला की त्याची सेवा पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. तीच गत कंत्राटी शिक्षकाची आणि बाह्य यंत्रणेमार्फत नेमलेल्या संगणक चालकाची. लायकी मिळवा, मग मागा, हा उपदेश त्यांना ऐकविणे म्हणजे चेष्टा होय. ज्याच्या अनुभवाची कोठे नोंदच होत नाही त्याच्यासाठी निदान अनुभवाचे प्रमाणपत्र, कौशल्याची परीक्षा आणि नियमित भरतीत त्या अनुभवाला गुण, एवढे तरी झाले पाहिजे.

नोकरी देणाऱ्यांकडून अपेक्षा फार नाहीत. पदोन्नती समितीची बैठक ठरल्या वेळी घ्यावी; ती वर्षानुवर्षे लांबली की पात्र माणूस निवृत्त होतो आणि त्याच्या हाती उरतो तो मानीव दिनांकाचा खटला. ज्येष्ठता यादी दरवर्षी लावावी. डावलल्याचे कारण दोन ओळींत का होईना, लेखी कळवावे. दाखल्याच्या परीक्षांसाठी खाणीच्या गावातच वर्ग चालवावेत, कारण पाळीवर जाणाऱ्याला नागपूरची शिकवणी परवडत नाही. यांतील एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही आणि मोठा खर्चही लागत नाही.

बढतीकडे केवळ पगाराचा आकडा म्हणून पाहिले की ती हेव्यादाव्याची वस्तू होते. ती वस्तुतः जबाबदारी वाटून देण्याची रीत आहे : खाणीत कोणाच्या शब्दावर माणसांनी खाली उतरावे, शाळेत कोणाच्या भरवशावर आईबापांनी मुले पाठवावीत, कचेरीत कोणाच्या सहीने गरिबाचे काम व्हावे, हे ठरविण्याची. ही निवड चुकली तर नुकसान डावललेल्या उमेदवाराचे होते, तसेच त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या आणि त्याच्या दारात उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाचे होते. म्हणून लायक माणसाने बढती मागण्यास संकोचू नये. त्याने रिकामी सोडलेली जागा रिकामी राहत नाही; तिच्यावर दुसरा कोणी तरी बसतोच, आणि तो लायक असेलच असे नाही.